मिठातून क्लोरीन, क्लोरीनमधून शुद्ध पाणी

गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. पाणी त्याच्या कमरेला लागले की छातीला, यावरून पुराचा अंदाज येतो. पण आपल्या हंड्यातले पाणी सुरक्षित आहे का, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही कॉलरा, टायफॉइडचे जंतू असू शकतात. ते मारणारा क्लोरीन कुठून येतो, हे आज समजून घेऊ.

तो येतो साध्या मिठातून. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांचे संयुग. कारखान्यात मिठाच्या पाण्यातून वीज सोडतात. धनाग्रावर क्लोरीन वायू सुटतो, ऋणाग्रावर हायड्रोजन, आणि पाण्यात कॉस्टिक सोडा तयार होतो. यालाच विद्युत अपघटन म्हणतात. क्लोरीन कॉस्टिक सोड्यात मिसळला की सोडियम हायपोक्लोराइट होते. आशाताई वाटतात त्या मेडिक्लोरच्या बाटलीत हेच असते. तोच क्लोरीन विरी गेलेल्या चुन्यावर सोडला की ब्लीचिंग पावडर, म्हणजे ग्रामपंचायतीची टीसीएल.

मग बॅटरी आणि मीठ वापरून घरीच औषध का करू नये? कारण त्याची तीव्रता किती, ते कळत नाही. तांब्याची तार वापरली तर तांबे पाण्यात उतरते, आणि बंद खोलीत क्लोरीन छातीत जातो. मुलांना प्रयोग दाखवायचा तर शिक्षकांसमोर, उघड्यावर. ते पाणी पिऊ नये.

विहीर किंवा टाकीसाठी हिशेब सोपा आहे. चांगल्या टीसीएलमध्ये सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो. 1000 लिटर पाण्याला 5 ग्रॅम पावडर टाकली, तर लिटरमागे साधारण दीड मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. पावडर आधी बादलीत कालवावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरची निवळीच टाकीत ओतावी. नंतर किमान 30 मिनिटे थांबावे. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे, कारण क्लोरीन गाळातच खर्च होतो. मेडिक्लोर वापरताना बाटलीवरचे प्रमाण पाळावे.

पेठ, सुरगाण्याच्या पावसात उघडे राहिलेले पोते ओल धरते आणि त्यातला क्लोरीन उडून जातो. मग पावडर टाकल्याची नोंद वहीत होते, पण जंतू जिवंत राहतात. म्हणून नोंदीवर विसंबू नका, ओटी चाचणी करायला सांगा. नळाच्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे. भारतीय मानकाप्रमाणे तो लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असावा. रंग आलाच नाही, तर पाणी उकळून प्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला किंवा पालिकेच्या आरोग्य विभागाला लगेच कळवा. पाण्याला क्लोरीनचा हलका वास आला म्हणून ते फेकून देऊ नका.

शेवटची गोष्ट जिवाशी संबंधित आहे. संडास धुताना ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जीव घेऊ शकतो. चुकून मिसळलेच, तर तसेच टाकून लगेच मोकळ्या हवेत या. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर दवाखाना गाठा.

या रविवारी आपल्या वस्तीतली आणि विहारातली टाकी उघडून पाहा. ती शेवटची कधी धुतली, हे विचारा.