कौलांची मांडणी आणि बाटल्यांचा भार

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. त्यानंतर हरिहरेश्वर आणि आसपासच्या गावांत पुष्कळ घरांवर कौलांच्या जागी पत्रे आले. वाचलेली कौले परसात, गोठ्याच्या कडेला रचून पडली. त्यांचे आणि जुन्या वाशांचे काहीतरी करावे, वाइनच्या बाटल्या आडव्या ठेवायला एखादी मांडणी करावी, हा विचार मला मनापासून पटतो. कुंभाराच्या हातची वस्तू ढिगाऱ्यात जाण्यापेक्षा घरात राहिलेली बरी. पण अशी मांडणी फसते, आणि ती नेहमी एकाच समजुतीपायी फसते: कौल भार पेलेल आणि गारवाही देईल. इथल्या हवेत कौलाकडून ही दोन्ही कामे होत नाहीत. भार लाकडाने घ्यायचा, गारवा खोलीने द्यायचा आणि कौलाने बाटलीला जागच्या जागी धरायचे. एवढे ध्यानात ठेवून मांडणी केली तर ती टिकते.

आधी भाराचे पाहू. भरलेली ७५० मिलिलिटरची बाटली साधारण सव्वा किलोची असते. चोवीस बाटल्यांचे तीस किलो झाले, आणि कौलांचे वजन वेगळेच. या कामाला मंगलोरी कौल फारसे उपयोगी नाही, ते चपटे असते. नळीचे कौल मात्र जणू यासाठीच घडवलेले वाटते. कुंभार चाकावर एका टोकाला किंचित निमुळती नळी काढतो आणि ती उभी चिरून तिची दोन कौले करतो. त्यामुळे रुंद टोकाला बाटलीचे बूड आणि अरुंद टोकाला मान अगदी सहज बसते. इथेच मोह होतो. एकावर एक नळ्या रचल्या की मधमाशांच्या पोळ्यासारखी सुंदर भिंत तयार होते, आणि तीच धोक्याची. हाताने घडवलेली दोन कौले कधी तंतोतंत सारखी नसतात. ती एकमेकांना एखाद-दुसऱ्या बिंदूवरच टेकतात आणि वरचा सगळा भार तेवढ्या बिंदूवर येतो. छपरावर वानर उडी मारते तेव्हा कौल का फुटते आणि शाकारणीला चढलेला माणूस पाय रिपेच्या रेषेतच का ठेवतो, हे कोकणात कुणाला सांगायला नको. कौल रिपेवर टेकलेले असते तोवरच ते भक्कम. म्हणून प्रत्येक ओळीला स्वतःच्या दोन रिपा द्याव्यात, एक बुडाखाली आणि एक मानेखाली, आणि वरच्या ओळीचा भार खालच्या कौलावर येऊच देऊ नये. नेहमीच्या बाटलीची जाडी साडेसात सेंटिमीटरच्या आसपास असते, फेसाळ वाइनची त्याहून जास्त. खण सर्वांत मोठ्या कौलाच्या मापाने पाडावेत. कौल निवडताना माठ घेतो तसे बोटाने वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर घ्यावे, बद्द वाजले तर बाजूला टाकावे, चीर डोळ्यांना दिसो वा न दिसो.

आता गारव्याकडे वळू. ‘कौलारू घर थंड असते, माठातले पाणी थंड होते, मग कौलातली बाटली का होणार नाही?’ हा आक्षेप हमखास येतो. माठ थंड होतो तो मातीमुळे नव्हे. त्याच्या अंगातून पाझरलेले पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते म्हणून तो थंड होतो. कोरड्या कौलात पाझरायला काही नसते. कौलारू घरातला गारवा उंच छपराचा आणि कौलांच्या फटींतून खेळणाऱ्या वाऱ्याचा असतो. मग कौले ओली ठेवावीत, असे कुणी म्हणेल. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याचा थोडा उपयोग होईलही. समुद्रकाठच्या दमट हवेत पाणी सावकाश वाळते. गारवा नाममात्र मिळेल, पण बुचाला आणि लेबलाला बुरशी धरेल, लाकूड कुजेल. वाइन बरीच वर्षे ठेवायची तर बारा ते पंधरा अंश तापमान लागते, आणि हरिहरेश्वरात ते कुठलीही मांडणी देणार नाही. मात्र काही महिन्यांत संपणाऱ्या बाटल्यांना उष्णतेपासून आणि तापमानातल्या चढउतारापासून जपले तरी भागते. माजघरातली उन्हापासून आणि चुलीपासून लांबची, जमिनीलगतची जागा त्यांना पुरते. बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवतात. नाशिकच्या बऱ्याच वाइन फिरकीच्या झाकणाच्या असतात, त्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. याच मांडणीत कोकम सरबताच्या बाटल्या ठेवायच्या तर त्या उभ्याच आणि सर्वांत खालच्या खणात असाव्यात. साखर कमी पडलेले सरबत आंबते, आणि आंबलेले सरबत झाकण उडवते.

लाकडाची बाब थोडक्यात सांगण्यासारखी आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखी नाही. साग किंवा जून फणस वापरावा. आंब्याच्या फळ्या स्वस्त मिळतात, पण त्यांना कीड लवकर लागते. जुन्या वाशाखाली बारीक पिठी पडत असेल तर आत भुंगा आहे असे समजावे आणि तो वासा घरात आणू नये. पाय जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवून मांडणी भिंतीपासून चार बोटे पुढे उभी करावी, म्हणजे वाळवी चढू लागली तर तिची मातीची वाट वेळीच दिसते. वरचा भाग मात्र भिंतीला पट्टीने जखडावा. लोखंडी खिळा खाऱ्या हवेत गंजून फुगतो आणि लाकूड चिरतो, तेव्हा स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. किनाऱ्यावरच्या जुन्या कौलांत मीठ मुरलेले असते. ती गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून उन्हात वाळवावीत, नाहीतर पांढरा लोणा फुटत राहतो.

‘एवढ्या खटपटीपेक्षा फ्रीज बरा’ हे म्हणणे महागड्या, बरीच वर्षे ठेवायच्या वाइनपुरते मला मान्य आहे. पण निसर्गनंतर इथल्या गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती, हेही विसरू नये. मांडणी तयार झाली की लगेच वाइन ठेवू नका. रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून सगळे खण भरा आणि जून ते सप्टेंबर तशीच राहू द्या. सांधे हलले नाहीत, कौल तडकले नाही आणि पिठी पडली नाही, तर दसऱ्याला त्या बाटल्या काढून वाइनच्या ठेवा.