मेंदूचा रक्तपुरवठा, स्मरणशक्ती आणि वनस्पतिद्रव्ये

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे सर्रास वापरली जाते. पांढुर्णा व सौंसर भागात, बोरगावसारख्या गावांतूनही, घरातील वडीलधारी व्यक्ती व्यवहाराचा हिशेब विसरू लागली, बोलताना अडखळू लागली किंवा चालण्यात मंद झाली, तर तो वयाचा परिणाम समजून सोडून देण्याची प्रवृत्ती आढळते. यापैकी पुष्कळ प्रसंगी खरे कारण मेंदूच्या रक्तपुरवठ्यात असते व त्यास बऱ्याच अंशी आळा घालता येतो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्केच असते. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. अनेक वर्षे रक्तदाब वाढलेला राहिल्यास मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड व ताठर होतात, त्यांतील मार्ग अरुंद होतो आणि आतील भागाचे पोषण अपुरे पडते. मधुमेह व तंबाखू हे त्यास हातभार लावतात. अशा रोग्याची विचारांची गती व कामाची आखणी करण्याची शक्ती बहुधा आधी मंदावते. लकव्याचे लहान झटके येत गेल्यास ही क्षीणता पायरीपायरीने वाढते.

या विकारावर वनस्पतींचा उपयोग होतो काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण सर्पगंधेचे आहे. ही वनस्पती आयुर्वेदात पूर्वापार ज्ञात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रोग्यांवर तिचा पद्धतशीर प्रयोग करून त्याचे निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी सर्पगंधेच्या मुळांतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. ते जगभर वापरले गेले. मात्र त्याच्या वापराने काही रोग्यांत उदासीनता व इतर त्रास दिसून आल्याने आज त्याचा वापर क्वचितच होतो. परिणामकारक वनस्पतिद्रव्य हेही औषधच असते. त्यास मात्रा असते आणि दुष्परिणामही असतात.

उलट अनुभव जिंको या वृक्षाच्या पानांच्या अर्काचा आहे. अमेरिकेत ७५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ३,०६९ व्यक्तींवर झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या अर्काने स्मृतिभ्रंश टळत नाही, असे आढळले. हा अर्क मात्र आजही स्मरणशक्तीच्या नावाने विकला जातो.

या भागाचे वैभव असलेल्या संत्र्याविषयीही थोडी माहिती उपयुक्त ठरेल. संत्र्याच्या सालीत, आतील पांढऱ्या गरात व फोडींच्या पापुद्र्यात हेस्पेरिडिन नावाचे द्रव्य असते. इंग्लंडमध्ये ३७ निरोगी वृद्धांवर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशी द्रव्ये विपुल असलेला संत्र्याचा रस आठ आठवडे रोज घेतल्यावर त्यांच्या बौद्धिक कार्यात काहीशी सुधारणा दिसली. ही चाचणी लहान होती व निरोगी माणसांवर होती. म्हणून संत्रे हा आहार समजावा, उपचार समजू नये. मधुमेह असलेल्यांनी रसाऐवजी प्रमाणात फळ खाणे बरे.

रक्तदाब नियंत्रणाचा पुरावा याहून बळकट आहे. अमेरिकेतील ९ हजारांहून अधिक व्यक्तींवरील व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तदाब अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्या गटात सौम्य बौद्धिक क्षीणतेचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळले. रक्तदाब किती खाली ठेवावा हे मात्र प्रत्येकाच्या प्रकृतीप्रमाणे डॉक्टरच ठरवितात.

म्हणून ग्रामस्थांनी पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात. तिशीनंतर आरोग्य केंद्रात रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. तंबाखू सोडावी व मीठ बेताने खावे. ब्राह्मी, हळद अथवा अन्य कोणतेही चूर्ण घ्यावयाचे असल्यास डॉक्टरांस आधी सांगावे. त्यासाठी रक्तदाबाची गोळी कदापि बंद करू नये. तोंड एका बाजूस वाकडे होणे, हातातील बळ जाणे किंवा वाचा अडखळणे ही लक्षणे अकस्मात दिसताच घरगुती काढ्यात वेळ न दवडता रोग्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. शिक्षकांनी ही माहिती विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचविल्यास अनेक वृद्धांची बुद्धी व स्वावलंबन अधिक काळ टिकून राहण्यास मदत होईल.