दुभंगलेला ओठ व मातेवरील दोषारोप

वाचकहो, आपल्या हिंगोली जिल्ह्यांतील खेड्यांत दुभंगलेल्या ओठाचें मूल जन्मलें, तर मातेस बहुधा पहिला प्रश्न हाच होतो: "ग्रहणांत विळीवर बसली होतीस काय?" या प्रश्नानें माता अपराधी ठरते व लेकरूं लपविलें जातें. म्हणून आम्ही या विषयाचा क्रमानें विचार करूं.

1. कारण. गर्भाचा ओठ दुसऱ्या महिन्यांतच जुळून येतो व टाळू तिसऱ्याच्या सुमारास. त्या वेळीं पुष्कळ स्त्रियांस आपण गरोदर आहों हें नीट ठाऊकही नसतें. मग सातव्या महिन्यांतील ग्रहणानें जुळलेला ओठ कसा चिरावा? सुमारें 700 मुलांत एकास हें व्यंग असतें. जेथें ग्रहण कोणी पाळीत नाहीं तेथेंही असतें. कांहीं घराण्यांत तें वंशपरंपरेनें येतें, तंबाखूनें धोका वाढतो, पुष्कळदां कारण सांपडतच नाहीं.

2. पोषण. टाळू दुभंगली असतां मुलास दूध ओढतां येत नाहीं व तें उपासानें खंगतें. त्यास उभें धरून, आईचें काढलेलें दूध वाटीचमच्यानें थोडें थोडें पाजावें व मधून मधून ढेकर काढावी.

3. उपाय. ओठ साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत शिवतात, टाळू नवव्या ते अठराव्या महिन्यांत. टाळूस उशीर झाल्यास बोलणें नाकांतून येतें व मग तें सुधारणें कठीण जातें.

4. साह्य. पंढरपुरास 1930 सालीं जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेंत राहत, परंतु भारतांत वारंवार येऊन अशा मुलांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करीत. अपघातानें शरीर पांगळें झालें, कर्करोगानें आवाज गेला. तरी त्यांनीं हें काम सोडलें नाहीं. 2011 सालीं ते वारले. 1999 सालीं स्थापन झालेली स्माइल ट्रेन ही संस्था भारतांतील रुग्णालयांच्या द्वारें हीच सेवा विनामूल्य पुरविते. सरकारनेंही 2013 सालीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याचीं पथकें अंगणवाडींत व शाळेंत मुलें तपासून पुढें पाठवितात.

तेव्हां पैसा नाहीं म्हणून कोणी स्वस्थ बसूं नये. अशा घरीं प्रथम मातेस निर्दोष म्हणावें, मग दूध पाजण्याची रीत दाखवावी, आणि आशाताईंस कळवून मुलास जिल्हा रुग्णालयांत न्यावें.

प्रश्न. (1) ओठ कोणत्या महिन्यांत जुळतो? (2) यावरून ग्रहणाविषयीं काय सिद्ध होतें? (3) आपल्या गांवीं असें लपविलेलें मूल आहे काय?