पिंगुळीच्या पोथ्या आणि स्कॅनर
पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींची पोथी म्हणजे एका आख्यानाच्या सुट्या चित्रांचा संच. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. असा कागद वाकतो. पातळ सीआयएस स्कॅनरमध्ये काचेपासून उचललेला भाग अस्पष्ट उमटतो. म्हणून जुना, जाड सीसीडी स्कॅनरच घ्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उत्पादकाने ड्रायव्हर देणे थांबवलेली अशी कित्येक यंत्रे लिनक्सवर ‘सेन’ या मुक्त प्रणालीने चालतात. ‘सेन-फाइंड-स्कॅनर’ला यंत्र सापडते, पण ‘स्कॅनइमेज -एल’ ते दाखवीत नाही, तेव्हा दोष बहुधा यंत्राचा नसतो. ड्रायव्हर जुळलेला नसतो किंवा वापरकर्त्यास परवानगी नसते. ए-४ काचेवर न मावणारे चित्र दोन भागांत, कडा एकमेकींवर येतील असे घ्यावे. पाठीमागचे चित्र मात्र त्याच क्रमांकाखाली नोंदवावे. अन्यथा आख्यानाचा क्रम पुन्हा जुळत नाही.