पावाच्या मऊ कांड्या



इटलीतील ट्युरिन शहरच्या पावाच्या कांड्या, ज्यांस तेथें ग्रिसिनी म्हणतात, बारीक व कुरकुरीत असतात. कारण भट्टींत त्यांतील ओलावा बहुतेक नाहींसा होतो. आज शिकावयाची ती दुसरी जात, जाड व मऊ. अमेरिकेतील इटालियन खाणावळींत ती जेवणाबरोबर देतात.

३७५ ग्रॅम मैदा, चहाचे दोन चमचे कोरडें खमीर, एक मोठा चमचा साखर, चहाचा एक चमचा मीठ, दोन मोठे चमचे लोणी व २४० मिलिलिटर कोमट पाणी घ्यावें. येथें ‘कोमट’ या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावें. खमीर सजीव आहे. कढत पाण्यानें तें मरतें, आणि मग कितीहि वाट पाहिली तरी पीठ फुगत नाहीं. मीं स्वतः एकदां घाईनें चुलीवरचेंच पाणी ओतलें आणि पाहुण्यांपुढें दगड वाढले! यास्तव साखरेच्या पाण्यांत खमीर घालून दहा मिनिटें थांबावें. फेस न आल्यास खमीर वायां जाईल, पण मैदा तरी वांचेल.

नंतर दहा मिनिटें मळावें. पीठ हातांस किंचित् चिकटतें म्हणून आणखी मैदा घालण्याचा मोह होतो, तो आवरावा; घट्ट पिठाच्या कांड्या हटकून कडक होतात. ओल्या फडक्याखालीं पीठ दुप्पट झालें कीं बारा कांड्या वळाव्या, अर्धा तास ठेवाव्या, व २०० अंश सेल्सिअसच्या भट्टींत १२ ते १५ मिनिटें भाजाव्या. भट्टी नसल्यास पातेल्यांत वाळू तापवून, वर ताटली व झांकण ठेवून भाजतां येतात. मात्र वेळ अधिक लागतो.

काढतांच लोणी लावून फडक्यांत गुंडाळाव्या. कोंडलेल्या वाफेनें वरची साल नरम राहते.