फांशीच्या शिक्षेनंतर काय होतें ?

वर्तमानपत्रांत ‘अमक्यास फांशीची शिक्षा’ असें ठळक अक्षरांत वाचलें म्हणजे पुष्कळांस वाटतें कीं, आतां त्या मनुष्याची कथा संपली. वस्तुतः कायद्याच्या दृष्टीनें तेथून एक नवें व लांबलचक प्रकरण सुरू होतें. तें पुष्कळांस ठाऊक नसतें, म्हणून आमच्या विद्यार्थ्यांकरितां व त्यांच्या पालकांकरितां त्याच्या पायऱ्या येथें क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

समजा, आपल्या वसईच्या सत्र न्यायाधीशांनीं एखाद्या खुन्यास मृत्युदंड दिला. जन्मठेप हा नेहमींचा मार्ग असून मृत्युदंड केवळ दुर्मिळांतील दुर्मिळ प्रसंगीं द्यावा, असा नियम सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं बच्चनसिंग खटल्यांत घालून दिला आहे. परंतु असा दंड सुनावल्यानेंच तो अंमलांत येत नाहीं. खटल्याचे सर्व कागद मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे धाडावे लागतात, आणि त्या न्यायालयानें मंजुरी दिल्यावांचून फांशी देतां येत नाहीं. आरोपीनें अपील केलें नाहीं तरी ही तपासणी चुकत नाहीं. पूर्वींच्या फौजदारी संहितेंतला हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतही कायम आहे. उच्च न्यायालय सर्व पुरावा पुन्हा पाहतें. शिक्षा कायम करतें, कमी करतें, अधिक चौकशी करवितें, किंवा आरोपीस निर्दोष ठरवून सोडून देतें.

दुसरी पायरी सर्वोच्च न्यायालयाची. तेथें अपील फेटाळलें गेलें तरी पुनर्विचाराचा अर्ज करतां येतो. असे अर्ज पूर्वीं बहुधा न्यायाधीशांच्या दालनांतच निकालांत निघत. २०१४ सालापासून मात्र मृत्युदंडाच्या प्रकरणीं ते उघड न्यायालयांत, तीन न्यायाधीशांपुढें, वकिलाचें म्हणणें ऐकून घेऊनच निकालांत काढावे लागतात.

तिसरी पायरी दयेची. घटनेच्या १६१ व्या कलमानें राज्यपालांस व ७२ व्या कलमानें राष्ट्रपतींस शिक्षा कमी करण्याचा अधिकार आहे; तो ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें वापरतात. नव्या संहितेप्रमाणें असा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो, आणि राज्य सरकारचें मत व कागद हातीं आल्यावर केंद्र सरकारनें ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे शिफारस करावयाची असते. अर्ज फेटाळल्याचें कैद्यास कळविल्यावर फांशीपूर्वीं निदान १४ दिवस जावे लागतात, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें. त्या अवधींत त्यास कुटुंबियांची भेट घेतां येते.

कोणी विचारील, ‘इतक्या पायऱ्या कशाला ?’ त्याचें उत्तर नाशिकच्या एका प्रकरणांत आहे. २००३ च्या जून महिन्यांत तेथें एका गरीब कुटुंबावर दरोडा पडून पांच जणांचा खून झाला. सहा जण पकडले गेले. २००६ सालीं सत्र न्यायालयानें सहाही जणांस मृत्युदंड दिला. २००७ सालीं उच्च न्यायालयानें तिघांची फांशी कायम करून तिघांस जन्मठेप दिली. आणि २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या तिघांसही फांशीच सुनावली. आतां कांहींच उरलें नाहीं, असें कोणासही वाटलें असतें. परंतु पुनर्विचाराचें दार उघडें होतें. २०१८ सालीं जुना निकाल मागें घेण्यांत आला, अपिलांची सुनावणी नव्यानें झाली, आणि ५ मार्च २०१९ रोजीं त्याच न्यायालयानें सहाही जणांस निर्दोष ठरविलें. हल्ल्यांतून वांचलेल्या स्त्रीनें प्रथम पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांस ओळखिलें होतें. त्यांची चौकशीच झाली नव्हती! सोळा वर्षें तुरुंगांत काढलेल्या त्या माणसांस सरकारनें प्रत्येकीं ५ लाख रुपये द्यावे, असा हुकूम झाला. २००९ नंतर लगेच फांशी दिली असती, तर हे रुपये कोणाच्या हातीं ठेवावयाचे होते ?

तथापि विलंब नेहमींच हितकर नसतो. लहान मुलांचें अपहरण व खून ह्यांबद्दल रेणुका शिंदे व सीमा गावित ह्या बहिणींस कोल्हापूरच्या न्यायालयानें २००१ सालीं मृत्युदंड दिला. सर्वोच्च न्यायालयानें तो २००६ सालीं कायम केला. त्यांच्या दयेच्या अर्जाचा निकाल लागण्यास मात्र जवळ जवळ आठ वर्षें लागलीं. ह्या अक्षम्य दिरंगाईमुळें १८ जानेवारी २०२२ रोजीं उच्च न्यायालयानें त्यांचा दंड जन्मठेपेवर आणिला. गुन्ह्याविषयीं शंका नव्हती. दोष कचेरींत पडून राहिलेल्या कागदांचा होता. ज्यांचीं लेकरें गेलीं त्या आईबापांसही तितकींच वर्षें वाट पाहावी लागली, हें विसरून चालणार नाहीं.

म्हणून सावधपणा निराळा व आळस निराळा, हा भेद आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानीं धरावा. त्यांपैकीं कांहीं पुढें वकील होतील, कांहीं पोलीस, कांहीं सरकारी कारकून. नाशिकच्या प्रकरणांत एक चौकशी राहून गेली. कोल्हापूरच्या प्रकरणांत एक अर्ज वेळेवर पुढें सरकला नाहीं. आपल्या टेबलावरील कागदामागें एक जिवंत मनुष्य उभा आहे, ह्याचें भान ज्यास राहील, त्याच्या हातून असा दोष सहसा घडणार नाहीं.