मिरवणुकीची वाट आणि गल्ल्यांची नावे : बेळगावच्या मध्यवर्ती भागाचा एक भाषिक पाठ

शहराचा वारसा म्हटला की आपल्यासमोर वास्तू येतात. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती तेराव्या शतकाच्या प्रारंभीची आहे. तिची देखभाल आणि नोंद होते. गल्ली, खूट, वेस आणि चौक यांच्या नावांना मात्र असा राखणदार नाही. ती बोलली गेली तरच टिकतात. मध्यवर्ती बेळगावात हे बोलणे प्रामुख्याने सार्वजनिक उत्सवांनी चालू ठेवले आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने उत्सवाच्या वाटेकडे पाहावयाचे आहे.

नावांचे थर

येथील स्थलनामांत ढोबळमानाने तीन थर दिसतात. पहिला थर शहररचनेच्या शब्दांचा. शनिवार खूट, यंदे खूट यांतील ‘खूट’ म्हणजे रस्ते एकत्र येतात ती जागा. नगर शहरातील ‘तेलीखुंट’ हे नाव आठवले म्हणजे हा शब्द केवळ बेळगावचा नाही, हे कळते. ‘काकतीवेस’ या नावात काकती गावाची दिशा आणि गावाच्या वेशीची आठवण दोन्ही आहेत. दुसरा थर दैवतांच्या नावांचा : मारुती गल्ली, समादेवी गल्ली, रामलिंगखिंड गल्ली. तिसरा थर आधुनिक इतिहासाचा असून तो बहुतांशी ‘चौक’ या शब्दाबरोबर येतो : टिळक चौक, हुतात्मा चौक, संयुक्त महाराष्ट्र चौक, हेमू कलानी चौक.

उत्सवाची वाट

बेळगावात शिवजयंती तिथीप्रमाणे वैशाखात साजरी होते आणि तिची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. नरगुंदकर भावे चौकातून निघून मारुती गल्ली, हुतात्मा चौक, रामदेव गल्ली, संयुक्त महाराष्ट्र चौक, समादेवी गल्ली, यंदे खूट अशी पुढे जात कपिलेश्वर मंदिराकडे येणारी तिची वाट बेळगावकरांना तोंडपाठ असते. ही वाट क्रमाने वाचली तर तो इतिहासाचा पाठ होतो. नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि त्याच वर्षी त्यांना बेळगावात फाशी देण्यात आले. हुतात्मा चौकात १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबारात बळी पडलेल्यांना दरवर्षी अभिवादन होते. सिंधमधील तरुण क्रांतिकारक हेमू कलानी यांना १९४३ मध्ये फाशी झाली. त्यांच्या नावामुळे या वाटेची व्याप्ती सीमाभागाबाहेर जाते.

गणेशोत्सवाचेही असेच. झेंडा चौकातील सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रारंभ १९०५ चा, लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेचा. येथे मंडळ बहुधा गल्लीच्या नावाने ओळखले जाते. त्यामुळे वर्गणीची पावती, निमंत्रणपत्रिका, ध्वनिक्षेपकावरील पुकारा आणि वृत्तपत्रातील बातमी यांतून गल्लीचे नाव दरवर्षी नव्याने लिहिले आणि उच्चारले जाते. हे काम कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या आवाक्यातले नाही.

उणीव कोठे आहे?

नाव टिकते, पण अर्थ टिकतोच असे नाही. दरवर्षी नरगुंदकर भावे चौकात जमणाऱ्या तरुणाला भावे कोण हे सांगता येईलच, असे गृहीत धरता येत नाही. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाच्या कानावर ‘खूट’ पडतो. हा शब्द त्याच्या वाचनात येण्याचा संभव कमी. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले; गल्लीबोळांची नावे मात्र मराठी आणि कन्नड दोन्ही भाषकांच्या तोंडी आहेत. म्हणून त्यांचा अभ्यास ही एका भाषेची मिरास मानू नये.

अर्थ सांगणारे कोणी नसले तर काय होते, हे निपाणीच्या उदाहरणावरून ध्यानी येते. १९८१ मध्ये तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडले आणि त्या तळाला ‘आंदोलननगर’ म्हटले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मृत्युमुखी पडले, तळ उठला. ज्या नगराला गल्ली नाही, घर नाही, त्याचे नाव केवळ सांगणाऱ्यावर अवलंबून राहते.

काय करता येईल?

साधने जवळच आहेत. १८४८ पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय याच मध्यवर्ती भागात आहे आणि त्याची व्याख्यानांची परंपराही आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांची साहित्य संमेलने आहेत. या व्यासपीठांवर स्थलनामांना एक सत्र देता येईल. मंडळांनी मार्गपत्रिकेत प्रत्येक चौकासमोर दोन ओळींची माहिती छापावी. चित्ररथांवरील सजीव देखाव्यांच्या संहिता मिरवणुकीनंतर टाकून न देता वाचनालयात जमा कराव्यात. स्थानिक मराठी नाट्यलेखनाचा तो कच्चा दस्तऐवज आहे.

शिक्षकांसाठी स्वाध्याय

१. आपल्या गल्लीपासून मिरवणुकीच्या मार्गापर्यंतची सर्व स्थलनामे क्रमाने लिहून वरील तीन थरांत मांडा. 
२. प्रत्येक नावाचा मराठी व कन्नड उच्चार घरातील वडीलधाऱ्यांना व शेजाऱ्यांना विचारून टिपा. 
३. बदललेले किंवा विसरलेले एक तरी जुने नाव शोधा आणि ते कोणाकडून कळले याची नोंद ठेवा.

तिसरा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. कारण त्याचे उत्तर देऊ शकणारी पिढी आता वयोवृद्ध झाली आहे.